उजेडासमोर

नाडी ब्याऐंशी.
सिस्टर जेसिंता म्हणाली, काका, साठच्या खाली यायला हवी,
धावत्या हृदयाचा फोटो हलतो.
एक गोळी दिली, घोटभर पाणी,
आणि शरणपूर रोडकडच्या खिडकीपाशी बसवलं.
तेहतीस वर्षं सगळे म्हणत आले, हात उचला, आटपा,
माल तुंबलाय –
आज पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं, सावकाश.

कालपासून चहा बंद.
क्रिएटिनिनचा कागद फाइलीत.
संमतीवर सही केलीय, वाचून, ओळन् ओळ,
तळातली बारीकसुद्धा.
नाशिकरोडला, नोटांच्या प्रेसमध्ये, मी तपासणीला होतो.
शीट उचलायचं, वळवायचं, उजेडासमोर धरायचं:
शाई फाकली का, नंबर सरकला का,
वॉटरमार्क जागेवर आहे का.
खोट सापडली की पेन्सिलीची खूण.
फाडून कधी बघत नाहीत नोट.

माणसाला मात्र तेव्हा उघडूनच बघत,
नाहीतर बघतच नसत.
दगू गांगुर्डे माझ्या शेजारच्या टेबलावर.
तीन दिवस छाती चोळत होता,
ॲसिडिटी म्हणून थंड दूध पीत होता.
कॅन्टीनमधून मीच आणून देत होतो.
चौथ्या दिवशी भोंगा झाला, झडती झाली,
गेटबाहेर सायकलचं कुलूप काढताना
खाली बसला तो बसलाच.
चावी कुलपात तशीच.

मला पांडवलेणीच्या पायऱ्यांवर कळलं.
शंभरेक चढलो असेन, आतून कुणी मूठ आवळली.
नात वरून हाका मारत होती.
दगडावर टेकून मी ओरडलो,
तू हो पुढे, इथून शहर छान दिसतंय.

छप्पन्न, सिस्टर म्हणाली. चला.

जिभेखाली फवारा, त्याने डोकं ठणकलं.
कोपराच्या वळणात सुई.
हात डोक्यावर, गेटवर झडतीला धरायचो तसे.
मशीन म्हणजे एक भलंमोठं कडं,
त्यातून आत-बाहेर सरकणारं मी एक शीट.
गरम वाटेल हं, काचेपलीकडून आवाज आला
आणि घशातून ऊब उतरत गेली थेट ओटीपोटात.
वाटलं, धोतर भिजवलं लहान मुलासारखं.
धोतर नव्हतंच. हॉस्पिटलचा निळा झगा, कोरडा.
मग यंत्रातली बाई हिंदीत म्हणाली,
सांस रोकिये.

रोखला.
कडं घोंघावू लागलं
आणि मला दगूचा डबा आठवला.
दोन दिवस टेबलाखाली पडून होता, कुणी हात लावेना.
मीच धुतला शेवटी. मेथी होती.
दहाच सेकंद असतील,
पण बाई मला विसरली असं वाटलं.

डॉक्टर बोरस्ते माझ्या लेकीच्या वयाच्या.
म्हटलं, मला दाखवा, मला असलं कळतं.
हसल्या, पण खुर्ची सरकवली.
करड्या पडद्यावर माझं हृदय,
बोटाने फिरवाल तसं फिरणारं.
डावीकडच्या मोठ्या वाहिनीत, वळणापाशी,
खडूच्या भुग्यासारखा पांढरा थर,
आणि तेवढ्या जागी उजेड चिमटलेला.
पन्नास टक्क्यांच्या आत आहे, त्या म्हणाल्या,
गोळ्या घ्या, चाला. फुगा, स्प्रिंग, आत्ता काही नको.

मी आणखी वाकलो.
खालच्या फांदीत एक पुसट जागा होती. आणि हे?
त्यांनी मोठं करून बघितलं. परत बघितलं.
नजर आहे हो तुमची, म्हणाल्या.
हे अडथळा नाही. इथे तुमचा श्वास सुटला,
चित्र हललंय.

बाहेर कुमुद उभी. काय निघालं?
शाई साचलीय जराशी, म्हटलं. नोट चालेल.
तिला काही उमगलं नाही,
ती पर्समध्ये पार्किंगची पावती शोधत राहिली.
हललेल्या जागेबद्दल
मी काही बोललो नाही.